पोहण्याच्या तलावाचे पाणी गढूळ झाले आहे: क्लोरीन मोजण्याबद्दल आणि टिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना, शाळांना सुट्टी, सकाळ-संध्याकाळ तलावावर झुंबड, आणि एके दिवशी तळाच्या निळ्या फरश्या दिसेनाशा होतात. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत हे दोनदा घडले. पहिल्या वेळी आम्ही तुरटी टाकली, मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) टाकले, जो जे सांगेल ते टाकले आणि तलाव जवळजवळ सगळी सुट्टी बंद ठेवला. दुसऱ्या वेळी काहीही टाकण्याआधी मोजायला शिकलो, तेव्हा आठवड्याच्या आत तळ दिसला. त्यानंतर शेजारच्या सोसायट्यांतून आणि मुळशी-लोणावळ्याकडच्या फार्महाऊसवाल्यांकडून जे प्रश्न येत राहिले, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

सगळी उदाहरणे ४०,००० लिटरच्या तलावाची आहेत: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२५ मीटर खोल. तुमच्या तलावासाठी लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणा, मग १,००० ने गुणा, लिटर मिळतील.

पाणी गढूळ झाले म्हणजे क्लोरीन कमी पडले, असेच समजायचे का?

बहुतेक वेळा हो. शेवाळ हिरवे दिसण्याच्या आधी काही दिवस पाणी नुसते निस्तेज, दुधाळ दिसते. त्याच वेळी पकडले तर काम थोडक्यात आटोपते.

पण आधी एक सोपी परीक्षा करून घ्या. तलावातले पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यात तलावासाठी वापरतात त्या ॲसिडचे दोन-तीन थेंब टाका. पाणी लगेच नितळ झाले तर तो चुना आहे. बोअरचे जड पाणी भरले असेल आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८ च्या वर गेला असेल, तर चुना असा पाण्यात तरंगत राहतो. तिथे क्लोरीन वाढवून उपयोग नाही. पीएच खाली आणा आणि फिल्टर चालू ठेवा. ग्लासातले पाणी तसेच राहिले तर पुढचे वाचा.

आमच्या किटवर छान पिवळा रंग येतो. मग क्लोरीन आहे ना?

तो पिवळा रंग ऑर्थोटोलिडिनचा. ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्याची ‘ओटी टेस्ट’ करतात, तीच ही. नळाच्या पाण्यात क्लोरीन पोहोचते की नाही, एवढेच बघायचे असते, त्यासाठी ती चांगली आहे. गढूळ तलावासाठी ती अपुरी पडते, कारण ती एकूण क्लोरीन दाखवते.

तलावात क्लोरीन दोन रूपांत असते. एक फ्री क्लोरीन, म्हणजे अजून कामाला न लागलेले, जंतू आणि शेवाळ मारू शकणारे. दुसरे कंबाइंड क्लोरीन, म्हणजे घाम, लघवी, अमोनिया यांना चिकटून बसलेले, जवळजवळ निकामी. ऑर्थोटोलिडिनचा पिवळा रंग या दोघांच्या बेरजेचा असतो. सगळे क्लोरीन कंबाइंड झालेले असले तरी बाटली सुंदर पिवळी दिसते आणि ऑपरेटर निर्धास्त होतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले.

मग कोणते किट घ्यायचे?

डीपीडीचे. त्यात फ्री क्लोरीन गुलाबी रंगाने दिसते. डीपीडीचेही दोन प्रकार आहेत.

साध्या प्रकारात गुलाबी रंग तक्त्याशी जुळवून बघायचा. रोजच्या वापराला तो चालतो. पण क्लोरीन १० पीपीएमच्या (१,००० लिटर पाण्यात १० ग्रॅम) आसपास किंवा वर गेले की तेच क्लोरीन गुलाबी रंग खाऊन टाकते. थेंब पडताच क्षणभर गुलाबी झाक येते आणि पाणी परत बिनरंगी होते. बघणाऱ्याला वाटते क्लोरीन शून्य आहे आणि तो आणखी ओततो. अशी शंका आली तर एक भाग तलावाचे पाणी आणि चार भाग बाटलीबंद पाणी मिसळून परत मोजा आणि आलेला आकडा पाचाने गुणा.

दुसरा प्रकार थेंब मोजण्याचा, एफएएस-डीपीडी. १० मिली पाण्यात डीपीडीची पावडर टाकून गडद गुलाबी करायचे, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून टाकत रंग पूर्ण जाईपर्यंत मोजायचे. नेहमीच्या किटमध्ये प्रत्येक थेंब ०.५ पीपीएमचा. २४ थेंब लागले तर १२ पीपीएम. यात रंगाच्या छटेवरून वाद होत नाहीत आणि जास्त क्लोरीनही बिनचूक मोजता येते. त्याच नमुन्यात पुढचे रसायन टाकले की कंबाइंड क्लोरीनही कळते. किंमत जास्त आहे, पण गढूळ पाणी साफ करायला निघाला असाल तर पहिला खर्च यावर करा. पाण्यात बुडवून रंग बघायच्या चाचणी पट्ट्या मात्र या कामासाठी घेऊ नका. १२ आणि १६ पीपीएममधला फरक त्यांवर कळत नाही, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा आहे.

नमुना कुठून घ्यायचा?

पंप अर्धा तास चालल्यावर, पाणी आत येते त्या तोंडापासून दूर, हात कोपरापर्यंत बुडवून. वरवरचे पाणी घेऊ नका. बाटली आधी तलावाच्याच पाण्याने विसळा. रसायनांच्या बाटल्यांवरची मुदत बघा. उन्हात खिडकीवर पडलेले डीपीडी मुदतीआधीच खराब होते.

सायन्युरिक ॲसिड कशाला मोजायचे? आम्ही ते कधी टाकलेच नाही.

तुम्ही टाकले आहे, फक्त त्या नावाने नाही. तलावात टाकतात त्या पांढऱ्या गोळ्या किंवा ‘टीसीसीए ९०’ ची पावडर म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड एकत्र. क्लोरीन वापरले जाते, सायन्युरिक पाण्यातच राहते. टीसीसीएमधून १० पीपीएम क्लोरीन टाकले की सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक सोबत येते. रोज २ पीपीएम धरले तर तीन महिन्यांत १८० पीपीएम क्लोरीन जाते आणि शंभराच्या वर सायन्युरिक साठते. ते उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही.

सायन्युरिक वाईट नाही. ते नसेल तर उघड्या तलावातले क्लोरीन आपल्या उन्हात दोन-तीन तासांत जवळपास संपते. सायन्युरिक क्लोरीनला धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. पण धरून ठेवलेले क्लोरीन शेवाळ मारत नाही. सायन्युरिक जितके जास्त, तितके मोकळे, प्रत्यक्ष काम करणारे क्लोरीन कमी. म्हणून ‘क्लोरीन ३ पीपीएम आहे, पुरेसे आहे’ या वाक्याला सायन्युरिकचा आकडा कळल्याशिवाय अर्थ नाही. सायन्युरिक ३० असताना ३ पीपीएम ठीक आहे; १२० असताना तेच ३ पीपीएम शेवाळाला रोखू शकत नाही.

माझ्या मते गढूळ तलावांबद्दलचा निम्मा गोंधळ या एका आकड्याकडे न बघितल्याने होतो.

हिशेब असा ठेवा. रोज किमान: सायन्युरिकच्या ७.५ टक्के फ्री क्लोरीन. गढूळ पाणी साफ करताना: सायन्युरिकच्या ४० टक्के.

सायन्युरिक ३० असेल तर साफसफाईसाठी १२ पीपीएम
४० असेल तर १६
५० असेल तर २०
६० असेल तर २४
८० असेल तर ३२

८० च्या वर असेल तर क्लोरीनमागे पैसे घालवू नका, आधी थोडे पाणी बदला. बंद छताच्या तलावाला ऊन लागत नाही, तिथे सायन्युरिकची जवळपास गरजच नसते.

सायन्युरिक मोजतात कसे?

तलावाचे पाणी आणि किटमधले द्रावण समान मिसळायचे. पांढरट गढूळपणा येतो. ते मिश्रण तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचे. ठिपका दिसेनासा झाला की नळीवरचा आकडा वाचायचा. दिवसा, सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेजवळ धरून बघा. ट्यूबलाइटखाली आकडा चुकतो. दोनदा करा आणि सरासरी घ्या.

कोणते क्लोरीन वापरायचे?

साफसफाईच्या काळात द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे ‘हायपो’ म्हणतात. त्याने सायन्युरिक वाढत नाही, चुनाही वाढत नाही. टीसीसीए या काळात पूर्ण बंद ठेवा. सायन्युरिक वाढले की गाठायचा आकडाही वाढतो आणि तुम्ही स्वतःच्याच मागे धावत राहता.

कॅल्शियम हायपोक्लोराइट चालते, पण १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्याचा जडपणा सुमारे ७ पीपीएमने वाढवते. बोअरच्या पाण्यावर ते टाळावे. पाणीपुरवठ्याची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, स्वस्त आहे म्हणून लोक पोती रिकामी करतात. तिच्यात चुना भरपूर असतो. गढूळ पाणी आणखी पांढरे होते आणि फिल्टरची वाळू चिकटते. तिच्याशिवाय काही मिळतच नसेल तर पिंपात भिजवून, रात्रभर निवळू देऊन फक्त वरचे पाणी वापरा.

एक सावधगिरी नावाबद्दल. फोटो धुण्याच्या कामात ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीन मारते, म्हणजे नेमके उलटे काम करते. मागवताना पूर्ण नाव लिहून द्या.

किती लिटर टाकायचे?

१ पीपीएम म्हणजे १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन. ४०,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम लागतात. १० टक्क्यांच्या हायपोत लिटरला सुमारे १०० ग्रॅम असतात, म्हणजे ४०० मिली. समजा सायन्युरिक ४० आहे, क्लोरीन आत्ता १ आहे आणि न्यायचे आहे १६ वर. १५ गुणिले ४०० मिली, म्हणजे ६ लिटर.

पण कॅनवर १० टक्के लिहिले म्हणून आत १० टक्केच असते असे नाही. हायपो उन्हाने, उकाड्याने आणि नुसते साठवूनही कमजोर होत जाते. तपासायला घरच्या आरओचे १० लिटर पाणी स्वच्छ बादलीत घ्या, त्यात सिरिंजने १ मिली हायपो टाका, ढवळा आणि क्लोरीन मोजा. जितके पीपीएम येतील, तितके टक्के हायपो. १० आले तर १० टक्के, ६ आले तर ६ टक्के. मग त्या प्रमाणात जास्त टाका. आम्ही प्रत्येक नवीन कॅनवर हे करतो.

हायपो संध्याकाळी टाका, पंप चालू ठेवून, पाणी आत येते त्या तोंडासमोर, बारीक धारेने.

एकदा मोठा डोस टाकला की झाले ना?

नाही. पहिल्या वर्षीची आमची चूक हीच होती. शनिवारी रात्री भरपूर टाकायचे, सोमवारी शून्य, मग पुढच्या शनिवारची वाट बघायची. मधल्या दिवसांत शेवाळ परत वाढते आणि दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

ठरलेला आकडा गाठायचा आणि काम पूर्ण होईपर्यंत तिथेच धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी जमेल तर तासा-दोन तासांनी मोजा. १६ वर नेलेले क्लोरीन तासाभरात ८-९ वर येऊ शकते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही; क्लोरीन कामाला लागले आहे. परत १६ वर न्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घट मंदावते, तेव्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपण्याआधी मोजले तरी चालते. नोकरीमुळे दिवसा कोणी नसेल तर सुरक्षारक्षकांपैकी एकाला मोजायला शिकवा. आमच्याकडचे काका आता समितीतल्या कोणाहीपेक्षा बिनचूक मोजतात.

वहीत वेळ, क्लोरीनचा आकडा, टाकलेले मिली आणि फिल्टरचा दाब, एवढे लिहा.

सोबत रोज भिंती आणि तळ ब्रशने घासा. शिडीच्या मागे, दिव्यांच्या खोबणीत, स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) झडपेमागे शेवाळ दडते आणि तिथे क्लोरीन पोहोचत नाही. आमच्याकडे क्लोरीन चार दिवस कमी कमी होत राहिले. शेवटी पाण्याखालचा दिवा काढून बघितला तर मागे बोटभर हिरवा थर होता.

पीएच कधी बघायचा?

सुरुवातीलाच, क्लोरीन वाढवण्याआधी. ७.२ च्या आसपास आणा. नंतर क्लोरीन १० पीपीएमच्या वर असेपर्यंत फिनॉल रेडने (किटमधल्या पीएच मोजण्याच्या लाल द्रावणाने) मोजलेला पीएच खोटा, जास्त दिसतो. त्या आकड्यावर विसंबून ॲसिड टाकत बसू नका.

क्लोरीन टाकले की अर्ध्या तासात शून्य होते. काय चालले आहे?

पाण्यात अमोनिया असण्याची शक्यता आहे. कंबाइंड क्लोरीनही बरेच दिसत असेल तर जवळजवळ नक्कीच. अशा वेळी सुरुवातीला पूर्ण डोस एकदम न टाकता १० पीपीएमएवढे टाका, पंधरा-वीस मिनिटांनी मोजा, परत टाका. अर्ध्याहून जास्त क्लोरीन टिकायला लागले की वर सांगितलेल्या आकड्यावर या. हायपो बरेच लागेल, पण थांबू नका.

फिल्टरचे काय?

क्लोरीन मारते, फिल्टर काढतो. मेलेले शेवाळ पाण्यात पांढरट राखेसारखे तरंगते आणि ते वाळूच्या फिल्टरनेच जायचे असते, म्हणून या दिवसांत पंप चोवीस तास चालवा. बॅकवॉश (फिल्टरमधून पाणी उलटे फिरवून वाळू धुणे) झाल्यावर लगेच दाब किती आहे ते वहीत लिहा. दाब त्यापेक्षा पाव हिस्सा वाढला की परत बॅकवॉश करा, मग अर्धा मिनिट रिन्स (पाणी सरळ फिरवून बाहेर सोडणे). आकडा न बघता रोज दोनदा बॅकवॉश केल्याने उलट नुकसान होते, कारण थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले धरते. आणि पाणीही वाया जाते.

दाब कधीच वाढत नसेल आणि पाणी साफही होत नसेल, तर टाकीचे झाकण उघडा. वाळूत घट्ट गोळे किंवा आरपार वाटा तयार झालेल्या दिसतील.

तुरटी टाकावी का? आणि मोरचूद?

तुरटीला योग्य वेळ आहे: शेवाळ मेल्यानंतर, पाणी हिरवे न राहता फक्त धुकट उरल्यावर. तुरटी फिरवून पंप बंद ठेवायचा, रात्रभर गाळ तळाला बसू द्यायचा आणि सकाळी तो व्हॅक्यूमने ओढून थेट वेस्टला, म्हणजे फिल्टरमध्ये न नेता बाहेर, काढायचा. फिल्टरमधून काढला तर वाळू चोंदते. तुरटीने पीएच खाली येतो, तो नंतर बघा. जिवंत शेवाळावर तुरटी टाकली तर दोन दिवस बरे दिसते आणि परत जैसे थे.

मोरचूद टाकू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने शेवाळ मरते हे खरे, पण जंतूंच्या बाबतीत ते क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही. तांबे पाण्यात साठत जाते, भिंतींवर डाग पाडते आणि फिकट केस हिरवट करते.

काम पूर्ण झाले हे कसे ओळखायचे?

तीन गोष्टी एकदम जमल्या पाहिजेत. पाणी नितळ. कंबाइंड क्लोरीन ०.५ पीपीएम किंवा कमी. आणि रात्रीच्या चाचणीत घट १ पीपीएम किंवा कमी.

रात्रीची चाचणी अशी: सूर्य मावळल्यावर मोजा, रात्री काहीही टाकू नका, पहाटे ऊन पडण्याआधी परत मोजा. रात्री ऊन नसते, त्यामुळे जे क्लोरीन कमी झाले ते पाण्यातल्या कशाने तरी खाल्ले. १६ चे सकाळी १५.५ राहिले तर उत्तम. १६ चे १२ झाले तर पाणी कितीही नितळ दिसो, आत अजून काही जिवंत आहे. पाणी चमकायला लागले की थांबायचा मोह होतो. दोन दिवस जास्त धरा.

या काळात पोहता येईल का?

नाही. रसायनांचा विचार बाजूला ठेवला तरी एक कारण पुरेसे आहे: तळ दिसत नसेल तर तळाशी गेलेले मूलही दिसत नाही. गेटला कुलूप लावा, नुसती पाटी पुरत नाही. पाणी नितळ झाल्यावरही क्लोरीन रोजच्या पातळीवर उतरेपर्यंत थांबा. उघड्या तलावात ऊन ते काम दोन-तीन दिवसांत करते.

डोळे चुरचुरतात, क्लोरीनचा वास येतो. म्हणजे क्लोरीन जास्त झाले ना?

बहुतेक वेळा उलटे. तो उग्र वास कंबाइंड क्लोरीनचा असतो, म्हणजे फ्री क्लोरीन कमी पडले आहे. पीएचही बघून घ्या. आणि पोहायला उतरण्याआधी शॉवर घेण्याचा नियम खरोखर पाळायला लावा. तलावात जाणारा घाम आणि लघवी जितकी कमी, तितके क्लोरीन कमी लागते.

सगळे पाणीच बदलले तर?

उन्हाळ्यात ४०,००० लिटर म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर. तेवढे पाणी ओतून देणे मला पटत नाही, आणि बहुतेक वेळा गरजही नसते. सायन्युरिक फारच वाढले असेल तर मात्र दुसरा उपाय नाही. निम्मे पाणी बदलले की सायन्युरिक निम्मे होते. काढलेले पाणी क्लोरीन उतरल्यावर बागेला किंवा रस्ते धुवायला वापरा.

पावसाळ्यात किंवा लगेच नंतर तलाव पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतले पाणी वर आलेले असते आणि रिकामे बांधकाम खालून उचलले जाऊन तडकू शकते. कोकणात आणि गोव्यात याचा विशेष विचार करा.

रसायने हाताळताना काय सांभाळायचे?

टीसीसीए आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच मगने घेणेही नको. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटचेही तेच. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवा. नेहमी पाण्यात रसायन टाका, रसायनावर पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा ऑपरेटरला सोसायटीने द्यायचा असतो, त्याने स्वतः आणावा अशी अपेक्षा ठेवू नका.

साफ झाल्यावर रोज किती ठेवायचे?

सायन्युरिक ३० ते ५० च्या मध्ये आणि क्लोरीन किमान आकड्याच्या थोडे वर. ४० सायन्युरिकला किमान ३ पीपीएम, म्हणून आम्ही संध्याकाळी ५ वर नेतो. दुसऱ्या दिवशीचे ऊन आणि पोहणारे मिळून दोनेक पीपीएम खातात. सुट्टीच्या दिवसांत दुपारीही एकदा मोजतो. मोठा पाऊस झाला की लगेच मोजतो, कारण पावसाचे पाणी क्लोरीन पातळ करते आणि तलाव भरून वाहिला तर सायन्युरिकही घेऊन जाते. सायन्युरिक महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा.